लॅपटॉप हॉस्टेलवर मागवावा की घरी?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रवेशाचा हंगाम सुरू झाला की नाशिकमधल्या हॉस्टेलांच्या गेटवर खोक्यांची रास लागते. आमच्याकडच्या पत्रांतही त्या दिवसांत लॅपटॉप, मोबाइल आणि टॅबच्या पार्सलांचे प्रश्न वाढतात. म्हणून या अंकातले सगळे प्रश्न याच विषयाचे घेतले आहेत.

प्रश्न : मुलगा पंचवटीत इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे आणि हॉस्टेलवर राहतो. त्याच्यासाठी साधारण साठ हजारांचा लॅपटॉप ऑनलाइन घ्यायचा आहे. खाते माझ्या मोबाइल नंबरवर आहे. पार्सल कॉलेजच्या पत्त्यावर मागवले तर चालेल का? – एक पालक, कळवण

चालेल, पण त्यातल्या त्यात हॉस्टेलचा पत्ता बरा. कॉलेजच्या मुख्य पत्त्यावर आलेले पार्सल आधी गेटवर थांबते, मग कार्यालयात आवक-जावक विभागात जाते. तिथल्या लिपिकाचे काम संस्थेचे टपाल नोंदवायचे. हजारो विद्यार्थ्यांतला तुमचा मुलगा कोणता, हे शोधणे त्याच्या कामात बसत नाही. पार्सल दोन-तीन दिवस टेबलाखाली पडते आणि तेवढ्यात कुरिअरच्या नोंदीत ‘पोहोचले’ असा शिक्का बसलेला असतो. सही गेटवरच्या माणसाची. पुढे खोके फुटके निघाले किंवा मिळालेच नाही, तर विक्रेता त्या सहीकडे बोट दाखवतो. संस्थांच्या पत्त्यावर महागड्या वस्तू पाठवायला काही विक्रेते कां-कू करतात, त्याचेही कारण हेच. एकाच पत्त्यावर शेकडो नावे असतात आणि वस्तू नक्की कोणाच्या हाती पडली हे सिद्ध करता येत नाही.

पत्ता असा लिहा : पहिल्या ओळीत मुलाचे नाव, ओळखपत्रावर आहे तसे. दुसऱ्या ओळीत हॉस्टेलचे नाव आणि खोली क्रमांक. मग कॉलेजचे नाव, परिसर, जवळची ठळक खूण आणि पिनकोड. फोन नंबर मुलाचा द्या, तुमचा नको. पोरगा गेटपाशी उभा असूनही कुरिअरवाला कळवणला फोन लावतो, तो लागत नाही आणि ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद होऊन पार्सल परत जाते. हॉस्टेलच्या पार्सलांत हे वारंवार होते.

पिनकोडच्या बाबतीत नाशिककरांनी जास्त जपावे. ‘नाशिक’ आणि ‘नाशिक रोड’ यांत आठ-दहा किलोमीटरचे अंतर आहे. पहिल्याचा मुख्य पिन ४२२००१, दुसऱ्याचा ४२२१०१. पंचवटी ४२२००३, कॉलेज रोड ४२२००५, सातपूर ४२२००७, सिडको ४२२००९, अंबड ४२२०१०. नुसते ‘बॉइज हॉस्टेल, कॉलेज रोड’ लिहिले तर त्या वर्णनाच्या कितीतरी इमारती निघतील. गोवर्धन किंवा महिरावणीकडच्या, शहराबाहेरच्या परिसरात राहणाऱ्यांनी टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन काढून ठेवावा. दहा अक्षरांचा हा संकेत साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो. कुरिअरवाल्याला तो ठाऊक नसला तरी त्यावरून नकाशावरची जागा तुम्हाला पाठवता येते.

आता ओटीपीचे. महाग वस्तू हातात देताना कुरिअरवाला ओटीपी मागतो आणि तो खात्याच्या नंबरवर, म्हणजे तुमच्याकडे येतो. सोपा मार्ग हा की ऑर्डर मुलाच्या खात्यावरून करावी आणि पैसे तुम्ही भरावेत. ते जमणारे नसेल तर पार्सल येण्याच्या दिवशी दोघांनी फोनवर राहावे. मुलाने खोके हातात घेऊन पाहिले, त्यावरची चिकटपट्टी शाबूत आहे असे सांगितले, की मगच आकडे सांगा. ‘आधी ओटीपी द्या, पार्सल खाली गाडीत आहे’ असे कोणी म्हटले तर देऊ नका. ओटीपी दिला की वस्तू मिळाल्याची कबुली दिल्यासारखेच आहे.

ऑर्डर करताना ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’चा पर्याय दिसला तर तो जरूर घ्या. त्यात कुरिअरवाला समोर खोके उघडून दाखवतो, वस्तू चुकीची किंवा फुटकी असेल तर तिथेच परत नेतो, आणि ओटीपी त्यानंतर द्यायचा असतो. मुलाने ही तपासणी गेटवरच्या गर्दीत उभ्याने उरकू नये. पाच मिनिटे लागली तरी बाजूला टेबल मिळेल अशी जागा बघावी. स्क्रीनवर तडा आहे का, डिव्हाइसवरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळतो का आणि चार्जर त्याच कंपनीचा आहे का, एवढे तरी पाहावे.

एक इशारा. ‘पत्ता अपुरा आहे, पाच रुपये भरा’ असा लिंकसह संदेश आला, किंवा कुरिअर कंपनीचे नाव सांगून कोणी *२१* अथवा *४०१* ने सुरू होणारा नंबर फिरवायला सांगितले, तर ती फसवणूक समजा. हे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवायचे संकेत आहेत. ते चालू झाले की फोनवरून सांगितले जाणारे बँकेचे ओटीपी भामट्याच्या कानावर जातात. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आणि कळवणहून तुम्ही महिन्याभरात नाशिकला येणारच असाल, तर दुकानातून उचलण्याचा पर्याय सर्वांत निर्धोक. शहरात शाखा असलेल्या मोठ्या दुकानांत ऑनलाइन पैसे भरून वस्तू काउंटरवर ताब्यात घेता येते. ऑनलाइनपेक्षा हजार-पाचशे जास्त पडले तरी साठ हजारांच्या वस्तूला ते जड नाहीत.

प्रश्न : आमच्या छोट्या कारखान्याचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षे पोस्ट बॉक्स नंबरवर होतो. बारकोड स्कॅनर आणि लेबल प्रिंटर मागवताना विक्रेत्याची वेबसाइट हा पत्ता घेतच नाही. अडचण काय आहे? – लघुउद्योजक, सातपूर

पोस्ट बॉक्स ही टपाल कार्यालयाच्या आतली पेटी असते. तिच्यात टाकण्याचा अधिकार फक्त टपाल खात्याला आहे. खासगी कुरिअरचा माणूस तिथे पार्सल ठेवू शकत नाही आणि काउंटरवरचा कर्मचारीही त्याच्याकडून ते घेत नाही. शिवाय प्रत्येक पार्सलमागे कुरिअरला कोणाची तरी सही, ओटीपी किंवा फोटो लागतो. पेटी सही करत नाही. म्हणून बहुतेक दुकानांच्या वेबसाइटना ‘पोस्ट बॉक्स’ हे शब्द दिसले की पत्ता नाकारायला शिकवलेले असते. काही जण मग ‘पो. बॉ.’ असे आडून लिहून ऑर्डर पुढे ढकलतात. तसे करू नका. ऑर्डर जाईल, पण पार्सल कुरिअरच्या नाशिकच्या गोदामात अडकेल आणि परत जाईल.

तुमच्यासाठी सरळ उपाय म्हणजे एमआयडीसीचा प्लॉट क्रमांक, रस्ता, शेजारच्या कंपनीचे नाव आणि पिनकोड ४२२००७. सोबत सुट्टीचा वार आणि कामाची वेळ लिहा. औद्योगिक वसाहतीत कारखाने वेगवेगळ्या वारी बंद असतात आणि कुरिअरवाल्याला ते माहीत असेलच असे नाही.

विक्रेता स्पीड पोस्टने पाठवायला तयार असेल तर मात्र पोस्ट बॉक्स चालतो. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्टही स्पीड पोस्टमध्ये सामावले आहे. पाकिटावर पोस्ट बॉक्स नंबर, टपाल कार्यालयाचे नाव, त्याच कार्यालयाचा पिनकोड आणि तुमचा मोबाइल नंबर, चारही हवेत. पेटीत न मावणाऱ्या किंवा सही लागणाऱ्या वस्तूसाठी पेटीत चिठ्ठी येते. ती घेऊन काउंटरवर जायचे, ओळखपत्र दाखवायचे आणि सही करून वस्तू घ्यायची. पेटी संस्थेच्या नावावर असेल आणि तुम्ही कामगाराला पाठवणार असाल, तर लेटरहेडवर अधिकारपत्र द्या. पेटी रोज उघडत नसाल तर चिठ्ठी तशीच राहते, मुदत संपते आणि पार्सल पाठवणाऱ्याकडे माघारी जाते. महाग वस्तू येणार असेल त्या आठवड्यात ट्रॅकिंगवर नजर ठेवा, चिठ्ठीची वाट पाहू नका.

विमा उतरवायला सांगायला विसरू नका. स्पीड पोस्टवर एक लाखापर्यंतचा विमा घेता येतो. विमा नसेल तर हरवलेल्या पार्सलची भरपाई वस्तूच्या किमतीवरून ठरत नाही. टपालखर्चाच्या हिशेबात किरकोळ रक्कम हाती पडते.

प्रश्न : माझा वापरलेला डेस्कटॉप आणि जुना लॅपटॉप नाशिक रोडच्या घरून पुण्याला बहिणीच्या हॉस्टेलवर पाठवायचा आहे. पॅकिंग कसे करावे? कागदपत्रे काय लागतील? – विद्यार्थी, नाशिक रोड

दोन वस्तूंची दोन वेगळी खोकी करा. एकत्र बांधलेल्या जड खोक्यात डेस्कटॉपचे वजन लॅपटॉपवर येते.

लॅपटॉप आधी. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवा. मशीन पूर्ण बंद करा; ‘स्लीप’वर ठेवलेला लॅपटॉप बंद खोक्यात जागा झाला तर तापत राहतो. बॅटरी ३० ते ५० टक्क्यांवर आणा. झाकण मिटण्याआधी स्क्रीन आणि कीबोर्डच्या मध्ये पातळ फोमचा किंवा मऊ सुती कापडाचा तुकडा ठेवा. तो जाड नको, नाहीतर बिजागरीवर ताण येईल. बबल रॅपचे तीन-चार वेढे द्या आणि मूळ खोके असेल तर त्यात ठेवा. ते खोके दुसऱ्या मोठ्या, पाच पदरी पुठ्ठ्याच्या खोक्यात बसवा, असे की सहाही बाजूंनी निदान पाच सेंटिमीटर भरण राहील. भरणाला चुरगळलेला कागद घट्ट कोंबला तरी चालतो. खोके हलवून पाहा, आतून आवाज आला तर भरण कमी आहे. चार्जरची वीट लॅपटॉपच्या पाठीवर ठेवू नका. पार्सल आदळले की झाकणाला पोचा पडतो तो त्याच विटेने. चार्जर वेगळा गुंडाळून बाजूच्या कोपऱ्यात बसवा.

डेस्कटॉपमध्ये धोका आतल्या जड भागांचा असतो. ग्राफिक्स कार्ड जागेवरच ठेवून पाठवले तर खाचखळग्यांत ते लोंबून स्लॉट उखडतो. प्रोसेसर थंड ठेवणारा मोठा टॉवर कूलर असेल तर तोही मदरबोर्डला ओढ देतो. दोन्ही काढा, कार्ड अँटिस्टॅटिक (स्थितिक विजेपासून जपणाऱ्या) पिशवीत घालून वेगळे गुंडाळा. साधा बबल रॅप थेट कार्डाला लावू नका, त्यात स्थितिक वीज साठते. कॅबिनेट मोकळे राहिले तर आत कागदाचे हलके गोळे भरा आणि झाकणावर आतून चिठ्ठी चिकटवा : ‘चालू करण्याआधी कागद काढा’. ही चिठ्ठी नसेल तर बहीण घाईत बटण दाबेल आणि पंखा कागदात अडकेल.

पावसाळ्यात खोक्याच्या आत संपूर्ण वस्तूभोवती जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या हव्यातच. बाहेरून ४८ मिलिमीटर रुंदीची पट्टी मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांवर, इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखी लावा. पत्त्याचा कागद एक बाहेर आणि दुसरा आत ठेवा. बाहेरचा भिजून निघाला तर आतल्यावरून पार्सल सापडते. खोक्यावर लॅपटॉप किंवा कंपनीचे नाव दिसू देऊ नका. मूळ खोके बाहेरच्या खोक्यात झाकले गेले की ते आपोआप साधते.

पैशांचा अंदाज घ्यायचा तर कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जास्त धरते. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायची. ४५ × ३५ × १२ चे खोके म्हणजे १८,९०० भागिले ५,०००, साधारण ३.८ किलो. आत दोन किलोचा लॅपटॉप असला तरी भाडे ३.८ किलोचे. म्हणून गरजेपेक्षा मोठे खोके घेऊ नका. पण खर्च वाचवायला भरणही कमी करू नका.

कागदपत्रांत ओळखपत्राची प्रत, जमल्यास खरेदीच्या बिलाची प्रत आणि साध्या कागदावर सहीनिशी घोषणा : ‘वस्तू वापरलेली, स्वतःच्या वापराची, विक्रीसाठी नाही, अंदाजे किंमत इतकी.’ ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा जीएसटीचा कागद) मागितले तर सांगा की वापरलेल्या घरगुती आणि वैयक्तिक वस्तूंना त्यातून सूट आहे. किंमत खरी लिहा. भाडे वाचवायला पाच हजार लिहिले, तर हरवल्यावर पाच हजारांवरच बोलणे संपते.

नाशिक-पुणे हे अंतर रस्त्याने एका रात्रीचे आहे. विमानाने पाठवायचा आग्रह धरू नका. बॅटरीचे नियम रस्त्याच्या वाहतुकीत सोपे पडतात.

प्रश्न : लॅपटॉप पाठवताना त्याच खोक्यात पॉवर बँक टाकली तर? – विद्यार्थिनी, कॉलेज रोड

टाकू नका. लॅपटॉपमध्ये बसवलेली बॅटरी आणि सुटी बॅटरी यांना वाहतुकीचे नियम वेगळे आहेत, आणि पॉवर बँक सुटी बॅटरी मानली जाते. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून नेण्यावर १ एप्रिल २०१६ पासून जगभर बंदी आहे. तपासणीत सापडली तर सगळे खोके अडते. विमानप्रवासात ती केबिनच्या पिशवीत चालते. १०० वॉट-तासांपर्यंत विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे २० गुणिले ३.७, म्हणजेच ७४ वॉट-तास. फुगलेली बॅटरी मात्र कशानेच पाठवू नका, ई-कचरा केंद्रात द्या.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी बारा टॅब मागवायचे आहेत. कोणती काळजी घ्यावी? – प्राध्यापक, गंगापूर रोड

बिल संस्थेच्या नावाने, जीएसटी क्रमांक असल्यास तो घालून घ्या. पार्सलच्या पत्त्यात मात्र ‘प्राचार्य’ एवढेच न लिहिता प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे नाव, विभाग, मजला आणि मोबाइल टाका. प्राचार्यांच्या नावाचे खोके त्यांच्या दालनात जाते आणि ते बैठकीला गेले असतील तर ‘उघडायचे कोणी?’ यावर दोन दिवस जातात. दिवाळीची सुट्टी आणि परीक्षांचे दिवस टाळून तारीख ठरवा.

बारा नग दोन-तीन खोक्यांत येतील. सगळी खोकी एकदम आली नाहीत तर पोचपावतीवर ‘३ पैकी २ मिळाली’ असे सहीच्या वर लिहा. खाली जागा उरली तर नंतर काहीही भरता येते. त्याच दिवशी दोघांच्या समक्ष खोकी उघडून सिरियल नंबर डेड स्टॉक रजिस्टरमध्ये (संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा. हमीची मुदत बहुधा बिलाच्या तारखेपासून धरतात. खोकी महिनाभर कपाटात राहिली तर तेवढी हमी कमी.

कोणी प्राध्यापक किंवा विद्यार्थी संस्थेच्या सवलतीत स्वतःसाठी वस्तू घेत असेल तर बिल त्याच्याच नावाचे हवे. नाहीतर दुरुस्तीच्या वेळी सर्व्हिस सेंटर संस्थेचे पत्र मागते.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत विद्यापीठाच्या आवारात राहते. तिला इथून टॅब पाठवायचा आहे. तिने दिलेल्या पत्त्यात बॉक्स नंबर आहे. – पालक, इंदिरानगर

तो बॉक्स नंबर कोणाचा, हे आधी विचारा. विद्यापीठाच्या टपालखोलीतला नंबर आणि तिथल्या सरकारी टपाल खात्याचा पीओ बॉक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टपालखोलीत खासगी कुरिअरची पार्सले सहसा घेतली जातात. पण नंबराच्या आधी तुम्ही ‘पीओ बॉक्स’ लिहिलेत तर कुरिअर कंपनी तो पत्ता नाकारेल, कारण खऱ्या पीओ बॉक्समध्ये तिलाही वस्तू टाकता येत नाही. खरा पीओ बॉक्स असेल तर काही टपाल कार्यालये ‘स्ट्रीट अ‍ॅड्रेसिंग’ची सोय देतात, म्हणजे कार्यालयाचा रस्त्याचा पत्ता आणि पुढे # लावून पेटीचा क्रमांक. ही सोय मुलीने तिथे मागून घ्यावी लागते. नाव विद्यापीठाच्या नोंदीत आहे तसेच लिहा, घरचे लाडके नाव किंवा आडनावाची वेगळी स्पेलिंग नको. उन्हाळी सुट्टीत टपालखोल्यांचे काम आक्रसते, तेही विचारून घ्या.

तरी आमचा सल्ला, टॅब इथून पाठवू नका. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली आयातकरातली सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आहे, त्यातून बॅटरीचे निर्बंध आणि कुरिअरचे भाडे. हमीचेही प्रश्न येतात. पैसे पाठवून तिथेच घेऊ द्या, किंवा येणाऱ्या-जाणाऱ्या नातेवाइकाच्या हातपिशवीतून जाऊ द्या.

प्रश्न : हॉस्टेलच्या गेटवर मिळालेल्या खोक्यात मोबाइलऐवजी साबणाच्या वड्या निघाल्या. आता? – विद्यार्थी, म्हसरूळ

खोके, पट्टी, लेबल, वड्या, काहीही फेकू नका. लेबलवर बहुधा पार्सलचे वजन छापलेले असते. खोके आतल्या वस्तूंसकट वजनकाट्यावर ठेवून फोटो घ्या. वजनात फरक दिसला तर वाटेत अदलाबदल झाल्याचा तो चांगला पुरावा ठरतो. वजन जुळले तर गडबड बहुधा भरतानाच झाली. पट्टीवर दुसरी पट्टी आहे का, तेही जवळून टिपा. यापुढे कोणतेही पार्सल फोडण्याआधी व्हिडिओ सुरू करा, लेबल आणि सहा बाजू दाखवा, आणि न थांबवता आतली वस्तू दिसेपर्यंत चालू ठेवा.

त्याच दिवशी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा. ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. उत्तर उडवाउडवीचे आले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. सोबत पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि त्यात बिलावरचा आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) लिहा. अर्जाची प्रत जोडून दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तो फोन बंद करून घेता येतो, म्हणजे चोरणाऱ्याला तो वापरता येणार नाही. मात्र विक्रेता पैसे किंवा बदली फोन द्यायला तयार असेल, तर आधी त्याला कळवून मगच असे काही करा. नाहीतर सापडलेला तोच फोन तो तुम्हाला पाठवेल आणि फोन बंद निघेल.

तरीही दाद मिळाली नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करा. विक्रेता बंगळूरचा असो की दिल्लीचा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, पण खोक्याचे फोटो आणि हॉस्टेलच्या गेटवरचे सीसीटीव्ही चित्रण तोवर टिकणार नाही. रेक्टरांना आजच अर्ज देऊन त्या दिवसाचे चित्रण जपून ठेवायला सांगा.